धावणाऱ्याचे दुकान



आमच्यासारख्याला व्याख्यानाला बोलावले, की संयोजक मंडळी विषय आधीच ठरवून ठेवतात. किमान वेतन, कंत्राटी कामगार, नाहीतर गिरणी संपाचा इतिहास. यंदा विषय आम्ही सुचवला, आणि तो ऐकून चिटणीसांनी दोनदा विचारले, की ऐकण्यात काही चूक तर होत नाही ना! विषय आहे एका दुकानदाराचा. पळण्याचे बूट विकणाऱ्या एका अमेरिकन दुकानदाराचे बालपण, आणि तो धंद्याला कसा लागला त्याची हकीकत. जन्मभर मालकांशी भांडलेल्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या युनियनमध्ये लेथवर काम करणारे एक सभासद आहेत. वय एक्कावन्न. त्यांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. या शब्दातली 'स्वेच्छा' कोणाची असते ते आपण जाणताच. त्यांचा मुलगा पळणारा आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ साली, आणि आता तर पहाटे फिरायला निघावे तो रस्त्यावर पळणारांच्या झुंडी दिसतात. पूर्वी पहाटे पळत असे तो पोलीसभरतीचा उमेदवार, किंवा ज्याची पाळी चुकत होती तो कामगार. तर या मुलाच्या मनाने घेतले, की पळणारांच्या बुटांचे दुकान काढायचे. भांडवल? वडिलांच्या निवृत्तीची रक्कम.

बापलेक दोघेही कचेरीत आले. वडील म्हणाले, "दादा, तुम्ही सांगाल तसे करतो. पैसे घालू का नको?" मुलाने उत्तरादाखल एक जाड इंग्रजी पुस्तक आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, एवढे वाचा, मग सांगा." नायकी या बुटांच्या कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांचे ते आत्मकथन, 'शू डॉग'. प्रकाशनाचे साल २०१६. आमची शाळा आठवीत सुटली. इंग्रजी आम्ही शिकलो ते नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचत, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे ते पुस्तक आम्हाला दोन महिने पुरले. पण वाचले अक्षर न् अक्षर, आणि काही गोष्टी बाहेरूनही पडताळून घेतल्या. त्या दोन महिन्यांत त्या मुलाला जे उत्तर सुचले ते आज आपल्यापुढे मांडतो.

फिल नाइट यांचा जन्म १९३८ सालचा, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातला. वडील वकील, पुढे 'ऑरेगन जर्नल' या दैनिकाचे प्रकाशक. घर खाऊनपिऊन सुखी. नुसते सुखी नव्हे, प्रतिष्ठित. आई मात्र निराळीच बाई. लहानपणी तिने आग लागलेले घर पाहिले होते. म्हणून मुलाच्या पलंगाला दोर बांधून ती त्याला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली उतरायला लावी, आणि हातात घड्याळ घेऊन किती सेकंद लागले ते मोजी. शेजारपाजारचे लोक काय म्हणत असतील! पण वेळ मोजून शरीराला कामाला लावणे या मुलाने प्रथम पाहिले ते आईच्या हातात.

चौदाव्या वर्षी त्याला शाळेच्या बेसबॉल संघातून वगळले. आपल्याकडे क्रिकेटच्या संघात नाव न येण्याचे जे दुःख, तेच तिथे बेसबॉलचे. पोर घरात तोंड पाडून बसले. आई म्हणाली, रडगाणे पुरे, पळायला जा. पळण्यासाठी संघ लागत नाही. पंच लागत नाही, मैदानाचे भाडे लागत नाही. आम्ही शाळेत पळालो ते अनवाणी, नगरपालिकेच्या मैदानात, खडे टोचत. पहिला कॅनव्हासचा बूट पायात आला तो कारखान्याने दिलेला. असो. आमची गोष्ट राहू द्या.

सुटीत काम हवे म्हणून मुलगा वडिलांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला, तर वडिलांनी नकार दिला. आपले काम आपण शोध, म्हणाले. तेव्हा तो सरळ प्रतिस्पर्धी पत्राकडे, 'ऑरेगोनियन'कडे गेला. रात्रपाळी मिळाली. खेळांचे निकाल गोळा करून तक्ते लावायचे, आणि पहाटे पाळी सुटली की सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर, पळत घरी यायचे. ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांनी हे डोळ्यांसमोर आणावे. पाळी सुटल्यावर माणसाला घर दिसत नाही, अंथरूण दिसते. आणि हा पोरगा पळतो आहे! आम्हाला हा मुलगा इथे आवडला, हे कबूल केले पाहिजे.

पण याच दोन वर्तमानपत्रांची आणखी एक हकीकत आहे, आणि आमच्यासारख्या माणसाने ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोर्टलंडच्या या दोन्ही दैनिकांत संप झाला. जुळवलेल्या पानांवरून छपाईसाठी शिशाच्या पाट्या ओतणारे जे कामगार, त्यांनी तो सुरू केला. नवे यंत्र येणार होते. चौघांचे काम एकट्याकडून करून घ्यायचा मालकांचा बेत होता, आणि चौघांची भाकरी राहिली पाहिजे असे युनियनचे म्हणणे होते. इतर खात्यांचे लोकही बाहेर पडले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या त्या दोन पत्रांनी काही महिने एकत्रित अंक काढला आणि छपाई चालू ठेवली. संपकऱ्यांनी स्वतःचे दैनिक काढले, 'पोर्टलंड रिपोर्टर'. ते १९६४ मध्ये बंद पडले, आणि १९६५ मध्ये संपही कामगारांच्या पराभवाने संपला. मधल्या काळात, १९६१ मध्ये, 'जर्नल' एका वृत्तपत्रसाखळीला ८० लाख डॉलरला विकले गेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांचे पुढे काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आम्ही मुलाच्या माथी बापाचे पाप मारत नाही. तो तेव्हा पदवी घेऊन लष्करात गेला होता आणि मग पुढच्या शिक्षणाला लागला. पण दुकानदाराच्या बालपणाची गोष्ट सांगताना ज्या छपराखाली ते बालपण गेले त्याचे खांब कशाचे होते, हेही सांगायला हवे.

ऑरेगन विद्यापीठात त्याला गुरू मिळाला, बिल बॉवरमन. हा धावपटूंचा शिक्षक विलक्षण होता. मुलांचे बूट उसवायचा, शिवायचा, तराजूत घालायचा. त्याचे गणित असे: पळणाराचे पाऊल सहा फुटांचे धरले तर मैलात ८८० पावले पडतात. बुटाचे वजन एक औंसाने घटवले, तर मैलामागे ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड कमी उचलावे लागतात. आपल्या हिशेबात पंचवीस किलो. हे गणित आमच्या मार्केट यार्डातल्या हमालांना समजावून सांगावे लागत नाही. पाटीला चिकटलेला चिखलसुद्धा दिवसाअखेर खांद्याला कळतो. नाइट हा काही पहिल्या फळीचा धावणारा नव्हता, मधला होता, आणि म्हणूनच गुरुजींनी आपले बूट त्याच्या पायावर तपासले. पहिल्या फळीच्या पायावर प्रयोग करायला कोण धजेल?

पुढे स्टॅनफर्डमध्ये व्यापाराचे शिक्षण घेताना त्याने एक निबंध लिहिला. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना बाजारात मागे टाकले, मग जपानी बूट जर्मन बुटांना का टाकणार नाहीत? त्या काळी पळण्याच्या बुटांत जर्मनांचे राज्य होते. पोरे परीक्षेपुरते निबंध लिहितात आणि विसरतात. हा विसरला नाही. १९६२ मध्ये जगप्रवासाला निघाला. वाटेत हवाई बेटांवर दारोदार ज्ञानकोश विकून पाहिले, जमले नाही. नोव्हेंबरात तो जपानमधल्या कोबे शहरी पोचला आणि ओनित्सुका कंपनीच्या कचेरीत जाऊन बसला. तुमची कंपनी कोणती, असे त्यांनी विचारले. कंपनी कुठली! घरी भिंतीवर शर्यतीत मिळालेल्या निळ्या फिती टांगल्या होत्या, त्या आठवल्या आणि तोंडातून निघून गेले, 'ब्लू रिबन स्पोर्ट्स'. नमुन्याच्या जोडांसाठी पन्नास डॉलर वडिलांकडून मागवले. मग तो पुढे निघाला, आणि १९६२ सालची शेवटची रात्र त्याने आपल्या मुंबईत काढली. रस्त्यावरची गुरे चुकवत तो भटकत होता, गोंगाटाने आणि वासाने त्याचे डोके ठणकत होते, एवढेच त्याने लिहिले आहे. चीनच्या युद्धाला नुकता महिना झाला होता. त्या रात्री गिरण्यांची तिसरी पाळी चालू असेल, हजारो चाती फिरत असतील. डोके दुखणाऱ्या पाहुण्याला ते कोण सांगणार?

नमुने यायला वर्षाहून अधिक काळ लागला. दोन जोड त्याने गुरुजींना पाठवले. त्याला वाटले, विकत घेतील. गुरुजी म्हणाले, मला भागीत घे. जानेवारी १९६४ मध्ये दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले. तीनशे जोड आले. एक जोड पडला ३ डॉलर ३३ सेंटला, विकायचा ६ डॉलर ९५ सेंटला. खेळाच्या सामानाच्या दुकानांनी त्याला दारातूनच परत पाठवले. मग त्याने जोड गाडीत भरले आणि जिथे शर्यती असतील तिथे जाऊन मैदानाच्या कडेला उभा राहिला. ज्ञानकोश विकताना जी जीभ अडखळत होती ती इथे सुटली. कारण ज्ञानकोशाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते, पळण्याशी होते. पहिल्या वर्षी विक्री झाली ८,००० डॉलरची.

वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. स्टॅनफर्डला शिकलेला मुलगा गाडीच्या डिकीतून बूट विकतो, लोक काय म्हणतील! तेव्हा आईने पर्स उघडली, सात डॉलर काढले आणि एक जोड विकत घेतला. नुसता घेतला नाही, तो पायात घालून ती चुलीपाशी उभी राहून स्वयंपाक करू लागली. नवऱ्याला बोलून उत्तर देण्यापेक्षा हे उत्तर भारी.

आता मुलाने आमच्यापुढे पुस्तक ठेवले ते काय सिद्ध करायला? धडाडीने उडी घ्यावी, म्हणजे यश येते, हे सांगायला. आम्ही मात्र त्या पुस्तकात पानोपानी एकच गोष्ट शोधत होतो: या काळात या गृहस्थाचे पोट कशावर चालले होते? आणि ते उत्तर त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. पगारावर! १९६९ पर्यंत बहुतेक काळ हा माणूस नोकरी करत होता. आधी हिशेबतपासनीसांच्या पेढीत, मग पोर्टलंड स्टेटमध्ये हिशेबशास्त्राचा शिक्षक म्हणून. दिवसा पगार, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार बूट. माल आईवडिलांच्या घरात. दुसऱ्या खेपेसाठी बँकेने कर्ज दिले ते वडिलांच्या नावाकडे पाहून. पाच वर्षे दुकानाने त्याला पोसले नाही, त्याच्या पगाराने दुकान पोसले. ही उडी नव्हे. एक पाय घट्ट रोवून दुसऱ्याने पाण्याचा अंदाज घेणे म्हणतात ते हे.

आणि दुकान, खरेखुरे दुकान, हे तर त्याने चालवलेच नाही. ते चालवले जेफ जॉन्सन नावाच्या माणसाने. हाही पळणारा. लॉस एंजेलिसला समाजकल्याण खात्यात नोकरी करून सुटीच्या दिवशी जोड विकायचा. १९६५ मध्ये तो पूर्णवेळ आला, कंपनीचा पहिला पूर्णवेळ नोकर. मालकाला पत्रांमागून पत्रे लिही, मालक क्वचितच उत्तर देई. हे वाचून आम्हाला हसू आले. आमचीही पत्रे व्यवस्थापनाकडे अशीच जातात. १९६६ मध्ये सांता मोनिका इथे पिको बुलेव्हार या रस्त्यावर त्याने कंपनीचे पहिले दुकान थाटले. जुन्या खुर्च्या आणल्या, भिंतींवर धावणारांच्या तसबिरी लावल्या, पळण्यावरची पुस्तके मांडली. घ्या किंवा घेऊ नका, येऊन बसा. त्या काळी अमेरिकेत रस्त्याने उगाच पळणारा माणूस म्हणजे वेडा, अशी समजूत होती, आणि या वेड्यांना बसायला जागा नव्हती. ती या दुकानाने दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे एक कार्ड असे. त्यावर पायाचा नंबर, पसंती, सगळी माहिती. कोणाचा पाय दुखतो, कोणाची शर्यत कधी आहे, हे जॉन्सन पत्राने विचारी. आमच्या गल्लीतला जुना किराणावाला वहीच्या पानावरून सांगे, की तुमच्याकडे या महिन्यात तेल कमी गेले, कोणी गावाला गेले काय? तीच ही जात. धंद्याची कला म्हणून जे काही असेल ते आम्हाला त्या कार्डांत दिसले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ओनित्सुकाशी बिनसले, १९७१ मध्ये स्वतःचे नाव घेतले, नायकी. नावही जॉन्सनच्याच डोक्यातून निघाले. बुटावरची ती खूण एका विद्यार्थिनीने काढली, कॅरोलिन डेव्हिडसन यांनी. दर तासाला दोन डॉलर, एकूण ३५ डॉलर. पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर दिले, हेही सांगितले पाहिजे. एकदा पैशाची फार ओढ होती तेव्हा बॉब वुडेल या सहकाऱ्याच्या आईवडिलांनी जन्माची शिल्लक, ८,००० डॉलर, कंपनीला दिली. हा वुडेल पूर्वीचा उडी मारणारा खेळाडू, अपघाताने कमरेखाली लुळा झालेला. त्या वृद्धांना पुढे भरघोस परतावा मिळाला. पण दिले त्या दिवशी काय लिहून घेतले होते? काही नाही. मुलगा जिथे काम करतो तिथे विश्वास ठेवायचा नाही तर कुठे ठेवायचा, एवढाच त्यांचा हिशेब. आमच्या लेथवाल्या सभासदाच्या मुलाने नेमक्या याच पानावर पेन्सिलीने खूण केली होती. ज्यांचे पैसे बुडाले त्यांची आत्मकथने छापली जात नाहीत, एवढेच आम्ही त्याला म्हणालो.

१९८० च्या डिसेंबरात कंपनीचे शेअर बाजारात आले आणि दुकानदार कोट्यधीश झाला. इथून पुढची गोष्ट आमच्या खात्याची आहे. या कंपनीने १९७४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात एक्झेटरला कारखाना काढला होता, तो १९८० च्या दशकात बंद झाला. बूट शिवले जाऊ लागले कोरियात, तैवानात, मग इंडोनेशियात आणि व्हिएतनामात, आणि तेही दुसऱ्याच्या कारखान्यांत. म्हणजे ठेकेदारी. बूट आमचा, कारखाना त्याचा, कामगार कोणाचाच नाही! ही रीत आपल्या औद्योगिक वसाहतींत सगळ्यांना पाठ आहे. १९९१ नंतर इंडोनेशियातल्या मजुरीचे आकडे बाहेर आले. १९९६ मध्ये पाकिस्तानात चेंडू शिवणाऱ्या लहान मुलाचे छायाचित्र 'लाइफ' मासिकात छापले गेले आणि चेंडूवर खूण याच कंपनीची होती. विद्यार्थ्यांनी, युनियनांनी गदारोळ केला. अखेर मे १९९८ मध्ये खुद्द नाइट यांनी वॉशिंग्टनला पत्रकारांपुढे कबूल केले, की आपल्या मालाचे नाव गुलामीची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ यांच्याशी जोडले गेले आहे. बूट बनवणाऱ्या कामगाराचे किमान वय अठरा केले. कारखान्यातल्या हवेची तपासणी मान्य केली, कारण चिकटवण्याच्या द्रावणाच्या वाफेने माणसे आजारी पडत होती. २००५ मध्ये आपल्या सर्व ठेकेदार कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या धंद्यात ही पहिलीच. मालकाने असे तोंडाने कबूल करणे आम्ही आयुष्यात फार पाहिलेले नाही, म्हणून त्याचे मोल आम्ही कमी करत नाही. पण ते त्याला आपोआप सुचले नाही, रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी सुचवले, हेही खरे.

आम्हाला राहून राहून ती पिको बुलेव्हारवरची कार्डे आठवतात. बूट घालणाऱ्या प्रत्येकाचे कार्ड त्या दुकानात होते. बूट शिवणाऱ्या बाईचे कार्ड कोणी ठेवले होते? वय, पगार, तिच्या खोकल्याची नोंद? दुकान वाढते तेव्हा आधी ही कार्डे हरवतात, असे आमचे निरीक्षण आहे.

आता त्या बापलेकांचे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही मुलाला म्हणालो, "तुझ्या पुस्तकातला माणूस वर्षानुवर्षे पगारावर जगतो, आणि तू पहिल्या पानावरच बापाला नोकरी सोडायला सांगतोस. तू कुरिअरच्या गोदामात आहेस ना? तिथेच राहा. रविवारी जोड घेऊन मैदानावर जा." पोरगा रागावून गेला. वडिलांनी पुढे सही केलीच. कारखान्यात खाते बंद करायचे घाटत होते, आमचाही फार इलाज चालला नाही. मात्र रक्कम त्यांनी पोस्टात ठेवली आणि मुलाला तीतून थोडीच दिली. तो नोकरीत आहे. रविवारी पहाटे टेकडीच्या पायथ्याशी स्कूटरवर दोन मोठ्या पिशव्या लावून उभा असतो. वडील शेजारी वही घेऊन बसतात. वहीत नाव, नंबर, पाय रुंद की अरुंद.

मागच्या महिन्यात आम्ही मुद्दाम गेलो. वडील म्हणाले, "दादा, चप्पल काढा." कागदावर आमचा पाय ठेवून त्यांनी पेन्सिलीने भोवती रेघ ओढली, लेथवर माप घेतात तशी सावकाश. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा निघाला. इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणत्या दुकानदाराने सांगितले नव्हते. बूट आम्ही अजून घेतलेला नाही, किंमत आमच्या खिशाबाहेरची आहे. पण वहीत आमचे नाव आहे.